आठव्या डावाचा माणूस

व्याह्यांशी भांडू नये असा आपल्याकडे संकेत आहे. भांडायचंच झालं तर लग्नात, मानपानावरून, आणि तेही विहिणींनी. व्याह्यांनी नुसतं उपरणं सावरीत ‘जाऊ द्या हो, पोरांकडं बघा’ एवढंच म्हणायचं असतं. माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही दोघा व्याह्यांनी हा संकेत इतका काटेकोर पाळला की दोन्ही विहिणी आमच्यावरच चिडल्या. पुढं अकरा वर्षांनी आमचं जे भांडण झालं ते मानपानावरून नव्हतं. अमेरिकेतल्या नेब्रास्का नावाच्या राज्यातल्या, आमचा दोघांचाही कोणी लागत नसलेल्या, एकवीस वर्षांच्या एका पोराच्या उजव्या खांद्यावरून ते झालं. अठरा वर्षं होऊन गेली, अजून मिटलेलं नाही. त्यात माझी बाजू बरोबर आहे हे एकदाचं छापून यावं एवढ्याचसाठी हा लेख आहे. दोन्ही बाजू ऐकून घ्यायची सवय असलेल्या वाचकांनी इथंच पान उलटावं.

२००७ सालच्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही सपत्नीक न्यू जर्सीत, एडिसनला, एकाच घरात मुक्कामाला होतो. आपल्याकडच्या आईबापांना अमेरिकेत सहा महिने राहू देतात. त्यातले पहिले तीन आठवडे नायगारा, वॉशिंग्टन आणि दुकानातल्या किमतींना चाळीसनं गुणणं यांत जातात. उरलेल्या पाच महिन्यांत काय करायचं हे व्हिसावर लिहिलेलं नसतं. बायकांचं बरं असतं, त्या कुठल्याही खंडात भाजणी करू शकतात. आम्ही दोघं दिवाणखान्यात टीव्हीसमोर ठेवले गेलो. नातू नऊ वर्षांचा, त्याला शाळेची सुटी. ‘आजोबांकडे लक्ष दे’ अशी ताकीद त्याला मिळाली होती आणि ‘नातवाकडे लक्ष द्या’ अशी आम्हांला. त्या परस्पर पहाऱ्यात आम्ही बेसबॉल शिकलो.

आमच्या पिढीला स्टार्टर म्हटलं की ट्यूबलाइट आठवते. नळी लुकलुकायला लागली की स्टुलावर चढून जो पिळायचा तो स्टार्टर. पुढं हॉटेलं सुधारली तेव्हा जेवणाआधी भूक मारण्यासाठी जे मागवतात त्याला स्टार्टर म्हणू लागले. नातवानं सांगितलं की इथं स्टार्टर म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर. पिचर म्हणजे आपला गोलंदाज. पण षटक संपलं, दुसऱ्या टोकाकडून दुसरा, असला प्रकार नाही. सामना नऊ डावांचा, डावाला तीन गडी, आणि एकच माणूस टाकत राहतो. पाच, सहा, सात डाव, दमेपर्यंत. मग पुढचे चार दिवस त्याला सुटी. म्हणून संघात असे पाच जण पाळीपाळीनं लावतात. एकदा का पिचरला बाहेर काढला की त्या सामन्यात त्याला परत घेता येत नाही. मग मैदानाच्या कडेच्या कुंपणातून दुसरा येतो. त्या कुंपणाला बुलपेन म्हणतात, म्हणजे बैलांचा कोंडवाडा. तिथले लोक एक-दोन डावांपुरते येतात, जीव खाऊन चेंडू फेकतात आणि जातात.

फरक लक्षात यावा म्हणून माझ्या परीनं सांगतो. स्टार्टर म्हणजे कीर्तनकार. पूर्वरंग त्यानंच करायचा, उत्तररंग त्यानंच, मधे पोरं रडली, पेटीवाला बेसूर झाला, तरी सावरून न्यायचं. बुलपेनमधला माणूस म्हणजे शेवटी येऊन ‘हेचि दान देगा’ टिपेच्या सुरात म्हणणारा. टाळी त्याला जास्त पडते, यात नवल नाही.

व्याह्यांना हा दाखला अजिबात मान्य नाही. पण लेख माझा आहे.

तर ७ ऑगस्ट २००७ रोजी टोरांटोला यांकीज संघानं एक पोरगा बुलपेनमधून काढला. अंगानं ऐसपैस, चेहऱ्यावर कोवळी दाढी आणि हातातून सुटलेला चेंडू ताशी अठ्ठ्याण्णव मैल. नाव जॉबा चेंबरलेन. व्याह्यांनी चष्मा वर करून विचारलं, “तो छत्रीवाला?” तो पंतप्रधान निराळा, हे त्यांना नातवासमोर सांगायची मला लाज वाटली. विहीणबाईंनी आतून फक्त ‘बा’ ऐकला. खंडोबा, विठोबा, जोतिबा या ओळीत त्यांनी जॉबाला बसवून टाकलं ते कायमचं. खरं नाव जस्टिन. नात्यातल्या एका दोन वर्षांच्या मुलीला भावाचं ‘जोशुआ’ हे नाव म्हणता येईना, ती ‘जॉबा’ म्हणायची. ते यानं उचललं आणि पुढं कायदेशीर करून घेतलं. आपल्याकडे बंड्या-बाळ्या साठीत जातात पण राजपत्रात जात नाहीत. वडील विनबागो आदिवासींच्या वसाहतीत जन्मलेले, लहानपणी पोलिओ झालेला, चालवायच्या खुर्चीवरून हिंडणारे, आणि पोराला त्यांनीच वाढवलेलं. हे टीव्हीवर समजलं त्या दिवशी विहीणबाईंनी भाजणीच्या हातानं डोळे पुसले.

त्या उरलेल्या दोन महिन्यांत जॉबानं एकोणीस सामन्यांत चोवीस डाव टाकले, चौतीस गडी झेलबिल न उडू देता परस्पर बाद केले, आणि त्याच्या खात्यावर मांडलेली धाव किती? एक. ही एक धाव आमच्या घरात सुतकासारखी पाळली गेली.

यांकीजकडे नववा डाव टाकायला मारियानो रिव्हेरा नावाचा प्रत्यक्ष परमेश्वर होता. त्याच्या आधीचा आठवा डाव हे मात्र संघाचं दुखणं होतं, आणि त्यावर जॉबा हा रामबाण सापडला. त्याचा हात जपण्यासाठी नियम केले. लागोपाठ दोन दिवस टाकायचं नाही, एक डाव टाकला तर एक दिवस विश्रांती, दोन टाकले तर दोन. या नियमांना ‘जॉबा रूल्स’ असं नाव पडलं आणि ते लिहिलेले टी-शर्ट विकायला आले. आपल्याकडे पथ्याचे कागद वैद्य देतो, तिथं ते छातीवर छापतात.

आणि मग प्रश्न निघाला: आता पुढच्या वर्षी ह्याचं काय करायचं? आठव्या डावातच ठेवायचा की स्टार्टर करायचा?

दहावी पास झालेल्या मुलाला सायन्सला घालायचं की कॉमर्सला, यावर ज्या आवेशानं मामा, आत्या, शेजारी आणि इस्त्रीवाला बोलतो, त्या आवेशानं सबंध न्यूयॉर्क शहर यावर बोलू लागलं. रेडिओवर माणसं मोटारीतून फोन करीत. दाढी करता करता न्हावी बोले. जावई रात्री जेवताना संगणकावरचे तक्ते उघडून बोले. त्याच्या तक्त्यांना मी मान देतो आणि पुढं जातो. एडिसनच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, दोन इसम ‘घालीन लोटांगण’च्या लगेच नंतर याच विषयावर हमरीतुमरीवर आलेले मी पाहिले. त्यांपैकी एक मी होतो.

व्याह्यांचं म्हणणं सरळ होतं. ते सदतीस वर्षं एका बँकेत कॅश काउंटरला होते आणि पावसाळ्यात कांगा लीगच्या सामन्यांना पंचगिरी करीत. “साहेब,” ते मला म्हणाले (मला सगळेच साहेब म्हणतात, त्याचं कारण पुढं येईल), “माणसानं एक काम करावं, पण चोख करावं. पोराकडे चेंडूच दोन. एक वेगाचा, एक तो वळणारा स्लायडर. एका डावापुरतं तेवढं बक्कळ झालं. सहा डाव टाकायला लावाल तर तो राखून टाकणार, वेग जाणार, आणि खांदाही जाणार. नोटा मोजणाऱ्याला मॅनेजर करू नये.”

माझं म्हणणं त्याहून सरळ होतं. आठव्या डावातला माणूस वर्षाला सत्तरेक डाव टाकतो, चांगला स्टार्टर दोनशे. ज्याच्या हातात देवानं एवढं दिलंय त्याला दोनशे डावांचं रान मोकळं सोडून सत्तरांच्या परसात बांधायचा, याला काटकसर म्हणत नाहीत. दोनच चेंडू आहेत? मग तिसरा शिकेल. तेच फलंदाज सामन्यात तीन-तीनदा समोर आले की चेंडू शिकावेच लागतात. कोंडवाड्यात बसून कोण शिकतो?

५ ऑक्टोबर २००७ ला क्लीव्हलँडला तो प्रसिद्ध किड्यांचा सामना झाला. यांकीज एका धावेनं पुढं, आठवा डाव, चेंडू जॉबाच्या हातात. आणि शेजारच्या ईरी सरोवरावरून चिलटांचे थवेच्या थवे मैदानात उतरले. मानेवर, गालावर, पापण्यांवर चिलटं. संघाच्या माणसानं धावत येऊन त्याच्यावर फवारा मारला, तो त्या चिलटांना अत्तरासारखा मानवला. दोन चेंडू भलतीकडे गेले, बरोबरी झाली आणि अकराव्या डावात सामना गेला. आम्ही पावसाळ्यात दिव्याखाली जेवलेली माणसं. ताटावर परातीत पाणी ठेवून दिवा लावला की किडे तिकडे जातात, हे आम्हां दोघांनाही माहीत होतं, आणि कळवायची सोय नव्हती. त्या एका रात्री आमचं एकमत झालं: ओडोमॉस. दुसऱ्या दिवशी व्याही म्हणाले, “किडे होते म्हणून. एरवी आठवा डाव त्याचाच.” मी म्हणालो, “स्टार्टर असता तर किडे यायच्या आत घरी गेला असता.” भांडण पूर्ववत सुरू झालं.

२००८ च्या एप्रिलात मालकांच्या थोरल्या चिरंजीवांनीच जाहीर करून टाकलं की हा पोरगा स्टार्टर हवा. आम्ही तोवर परतलो होतो, व्याही दादरला आणि मी पुण्याला. त्यांना मी पेढे घेऊन जाणार होतो, हिनं अडवलं. ३ जूनला पहिला सामना त्यानं सुरू केला. अडीच डावही पुरे झाले नाहीत, बासष्ट चेंडू झाले म्हणून काढून घेतला. कारण हाताची सवय हळूहळू वाढवायची होती. चेंडू मोजायचे! व्याह्यांचा फोन आला. बाजू त्यांची असली तरी पंचाचं रक्त उसळलं होतं. “आमच्या बापू नाडकर्ण्यांनी १९६४ साली मद्रासला बत्तीस षटकं टाकली, सत्तावीस निर्धाव, त्यांतली एकवीस सलग! त्यांचे चेंडू मोजायला कोणी बसलं असतं तर मोजणारा आडवा पडला असता.” मी म्हटलं, म्हणजे माझंच म्हणणं झालं. ते म्हणाले, “नाही. बापू बापू होते.”

जॉबानं त्या वर्षी स्टार्टर म्हणून बारा सामने टाकले, उत्तम टाकले, आणि ऑगस्टात टेक्ससला खांदा दुखावला. फोनवर व्याही काही बोलले नाहीत. नुसते खोकले. सदतीस वर्षं नोटा मोजलेल्या माणसाच्या खोकल्यात ‘मी सांगितलं होतं’ हे किती स्पष्ट ऐकू येतं ते ज्यानं ऐकलंय त्यालाच कळेल.

आता माझी खरी तक्रार २००९ ची आहे. त्या वर्षी त्याला सबंध मोसम स्टार्टर केला. तेविसाव्या वर्षी. वेग बुलपेनमध्ये अठ्ठ्याण्णव होता तो त्र्याण्णववर आला, हे मी मान्य करतो. व्याह्यांनी हे भाकीत केलं होतं, हेही मान्य करतो. पण जुलैत काय झालं? मधल्या सुटीनंतर सलग तीन सामने पोरानं असे टाकले की मी पुण्यात भल्या पहाटे उठून दूधवाल्याला चहा पाजला. तिसरा तर टँपा बेविरुद्ध, आठ डाव, एकही धाव नाही. कीर्तनकाराला सूर सापडला होता. आणि नेमकं त्याच वेळी हिशेबनीस उठले. ह्या वर्षी ह्यानं इतकेच डाव टाकायचे असा आकडा आधीच ठरलेला होता आणि तो जवळ येत चालला होता. मग काय, दोन सामन्यांत जास्त दिवस अंतर टाका. ऑगस्टअखेर तर तीन डाव झाले की काढून घ्या. रंगात आलेल्या बुवांना दर दोन ओव्यांनी ‘बुवा, घसा कसा आहे?’ विचारलं तर बुवा काय गाणार? तो बिघडला. मोसमाच्या शेवटी त्याची सरासरी पावणेपाच धावांची झाली आणि सगळं न्यूयॉर्क एका सुरात म्हणालं: बघा, त्याचा पिंडच स्टार्टरचा नाही.

पिंड! या शब्दाशी माझं जुनं वैर आहे.

त्यासाठी मला साहेब का म्हणतात ते सांगितलं पाहिजे. मी एका सरकारी खात्यात एकतीस वर्षं नोकरी केली. विधानसभेत तारांकित प्रश्न आला, उद्या सकाळी उत्तर पाहिजे, आणि संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांची तोंडं वाळली, की शिपाई माझ्या टेबलाशी येई. मी रात्री नऊपर्यंत बसून असं उत्तर लिही की मंत्र्याला ते वाचता येई, विरोधकाला पकडता येत नसे आणि खात्याला बांधून घ्यावं लागत नसे. ‘साहेब, तुम्ही नसतात तर’ असं सगळे म्हणत. साहेब हे नाव तिथलं. पदानं मी साहेब कधीच झालो नाही. स्वतंत्र शाखा चालवायला मागितली की वरून उत्तर येई, “तुम्हांला इथून हलवलं तर प्रश्न कोण सोडवणार?” एकदा दिली. सात महिने. तिसऱ्या महिन्यापासून दर सोमवारी कोणी ना कोणी येऊन ‘जमतंय ना?’ विचारी. पाचव्या महिन्यात एक फाइल माझ्या हातून चुकीच्या ठिकाणी गेली, जशी प्रत्येकाच्या हातून जाते. सातव्या महिन्यात मी परत पाच वाजताच्या टेबलावर. निरोप देताना एक वरिष्ठ मोठ्या प्रेमानं माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका. शाखा चालवणं हा तुमचा पिंडच नाही.”

मी वाईट वाटून घेतलं नाही. सव्वीस वर्षं वाट पाहिली आणि जॉबाचं वाटून घेतलं.

अहो, आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या पिंडाला कावळा शिवेपर्यंत माणसं उन्हात ताटकळतात, ‘थांबा, शिवेल, नातवंडांचं बघू म्हणावं’ म्हणून हात जोडतात. जिवंत माणसाच्या पिंडाला मात्र सात महिने पुष्कळ होतात. जॉबाला किती मिळाले? सगळे मिळून त्रेचाळीस सामने. त्याच्या सबंध कारकिर्दीत त्यानं सुरू केलेले सामने एवढेच.

सँडी कूफॅक्सचं नाव बेसबॉलवाले कानाला हात लावून घेतात. पहिल्या सहा वर्षांत त्यानं छत्तीस सामने जिंकले आणि चाळीस हरले. सहा वर्षं! १९६० साली कोणी त्याचा पिंड काढला असता तर? पुढची सहा वर्षं त्यानं जे केलं त्यापुढं फलंदाजांनी बॅट नुसती शोभेला धरली. पेद्रो मार्टिनेझ १९९३ साली डॉजर्सकडे असाच बुलपेनमध्ये होता. चण लहान, हे शरीर स्टार्टरचं नाही, म्हणून माँट्रिऑलला देऊन टाकला. तिथं त्याला सुरुवातीपासून चेंडू दिला. वर्षाच्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक त्या लहान चणीनं तीनदा घेतलं.

इथं व्याही नेहमी रिव्हेराला पुढं करतात, आणि खरं सांगतो, हे नाव निघालं की मला पाणी प्यावं लागतं. कारण रिव्हेरा १९९५ साली स्टार्टरच होता. दहा सामने सुरू केले, धुलाई झाली. बुलपेनमध्ये गेला, ६५२ सामने राखले आणि २०१९ साली एकही मत विरुद्ध न पडता त्यांच्या दिग्गजांच्या दालनात बसला. “दहाच सामने दिले होते, साहेब,” व्याही म्हणतात, “आणि बरं झालं दहाच दिले.” यावर माझ्याकडे एकच उत्तर आहे. रिव्हेराला एकदा पाठवलं ते पाठवलं. बैल गोठ्यात नेला आणि दार लावलं. जॉबाला २००७ मध्ये आत, २००८ मध्ये आधी आत, मग बाहेर, २००९ मध्ये बाहेर, त्याच वर्षी अंतिम सामन्यांना परत आत. घरातल्या एकुलत्या एका खुर्चीसारखा. पाहुणे आले की बाहेर, जेवायची वेळ झाली की आत. चार वेळा उचलली की खुर्चीचासुद्धा पाय हलतो.

त्या अंतिम मालिकेतला चौथा सामना तर आमच्या दोन्ही पक्षांनी आपापल्या दप्तरी लावून ठेवला आहे. फिलाडेल्फियाला, यांकीज एका धावेनं पुढं, आठवा डाव, जॉबा. दोन गडी त्यानं सफाईनं कापले. व्याही, “बघा!” तिसऱ्यानं चेंडू कुंपणापार मारला, बरोबरी. मी, “बघा!” नवव्या डावात यांकीजनं तीन धावा केल्या, आणि नियमाप्रमाणे विजय लागला जॉबाच्या नावावर. यावर दोघांनीही काही बघितलं नाही.

२०१० मध्ये पाचव्या स्टार्टरच्या जागेसाठी फिल ह्यूजशी चुरस लावली, ह्यूज लागला. त्यानं अठरा सामने जिंकले, तेव्हा त्याबद्दल मी काही बोलत नाही. जॉबा कायमचा कोंडवाड्यात गेला. हात जपायला. आणि २०११ च्या जूनमध्ये, तिथंच जपून ठेवलेल्या त्या हाताचं कोपर फाटलं, मोठी शस्त्रक्रिया झाली. २०१२ मध्ये मुलाबरोबर उडीच्या जाळीवर खेळताना घोटा निखळला. पुढं डेट्रॉइट, कॅन्सस सिटी, क्लीव्हलँड अशी वणवण, आणि २०१७ साली, बत्तिसाव्या वर्षी, तो निवृत्त झाला. त्या दिवशी न्यूयॉर्कमधल्या दोन्ही पक्षांनी म्हटलं असणार, ‘आम्ही सांगत होतो.’ आम्ही दोघांनी तरी म्हटलं. मी पुण्याहून, त्यांनी दादरहून, एकाच वेळी फोन लावल्यामुळे दोघांनाही तो व्यग्र लागला.

एकदा मात्र, तिकडच्या दुसऱ्या खेपेला, नातवानं आम्हांला गप्प केलं होतं. तेव्हा तो बारा वर्षांचा, शाळेच्या संघात चेंडू टाकी. आम्ही त्याच्या पिंडावर बोलत होतो. मी म्हणत होतो सुरुवात, ते म्हणत होते शेवटचा डाव. त्यानं बूट काढता काढता इंग्रजीत विचारलं, “पण जॉबाला काय हवं होतं?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तीन वर्षं रात्रंदिवस त्या पोराच्या खांद्यावर बसून आम्ही वाद घालत होतो, आणि हे आम्ही विचारलंच नव्हतं. व्याही म्हणाले, “त्याला काय कळतंय?” मी म्हणालो, “त्याला स्टार्टरच हवं असणार.” नातू आत जाऊन थंडगार दूध प्यायला. त्यानं पुढच्या वर्षी बेसबॉल सोडून पोहणं धरलं. तिथं कोण आधी, कोण नंतर, हा प्रश्न येत नाही, सगळे एकदम उडी मारतात.

एवढं झाल्यावर मी वादातून अंग काढून घेतलं असतं. पण गॅरेट क्रोशे आला. शिकागोचा डावखुरा, बुलपेनमधला, कोपराची शस्त्रक्रिया झालेला, हुबेहूब आमचं प्रकरण. २०२४ पर्यंत मोठ्या संघाकडून त्यानं एकही सामना सुरू केला नव्हता. त्या वर्षी त्याला धाडकन मोसमाचा पहिलाच सामना सुरू करायला दिला, आणि तो टिकला. वर्षअखेर बोस्टननं त्याला घेतलं, आणि त्याला ओझं वाहू दिलं. २०२५ मध्ये दोनशेहून जास्त डाव! मी व्याह्यांना कात्रणं पाठवीत होतो. त्यांनी पोच दिली नाही.

मग ३० सप्टेंबर २०२५ ला बोस्टन विरुद्ध यांकीज, बाद फेरी, सामना न्यूयॉर्कला. आपल्याकडे १ ऑक्टोबरची पहाट, खंडेनवमी. साडेतीनला उठून, हिची झोप न मोडेल अशा बेतानं जावयाच्या वर्गणीवर सामना लावला. क्रोशेनं आमच्या यांकीजला धरून बडवलं. पावणेआठ डाव म्हणा ना, एकच धाव, अकरा गडी परस्पर गारद, एकशे सतरा चेंडू. एकशे सतरा! आणि शेवटचे चेंडू सगळ्यांत वेगवान. अठरा वर्षं ज्या संघासाठी जागलो तो डोळ्यांदेखत हरत होता, आणि मी पुण्यात एकटा, अंधारात, पांघरुणावर बसून टाळ्या वाजवीत होतो. बोस्टननं ३–१ नं जिंकलं. उजाडलं होतं. हत्यारांच्या पूजेला काढलेल्या विळी-अडकित्त्याशेजारून मी फोन उचलला.

“पाहिलंत?” मी म्हणालो. “कोंडवाड्यातला बैल! एकशे सतरा चेंडू!”

“पाहिलं.” व्याह्यांचा आवाज ताजातवाना होता, म्हणजे तेही साडेतीनपासूनच जागे होते. “अहो, पण तो आपल्याविरुद्ध टाकत होता, साहेब.”

“तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“बरं. तत्त्वाचाच घ्या. त्याला काढल्यावर नवव्या डावात काय झालं? यांकीजची तिन्ही ठाणी भरली, एकही गडी बाद नाही. सामना गेलाच होता. कोणी वाचवला? चॅपमननं. तीन गडी, एक धाव नाही. आणि तो चॅपमन कोण? २०१२ साली सिनसिनाटी त्याला स्टार्टर करणार होती, माहितेय ना? नाही केला. गोठ्यातच ठेवला.” ते खोकले. “तेरा वर्षं झाली, साहेब, अजून शंभर मैलांनी टाकतोय.”

मी पाणी प्यायलो. मग म्हटलं, “व्याहीबुवा, चॅपमनला जर त्या वेळी एकदा, नुसतं एकदा, नीट दोन वर्षं—”

“थांबा,” ते म्हणाले, “चहा घेऊन बसतो.”